न्यामुंथालीच्या पुस्तकपेट्या

नदीकाठच्या आरोग्य कॉलेजात टिवोंगे मुंथाली ग्रंथपाल म्हणून रुजू झाली, तेव्हा तिला जी खोली दाखवली ती मुळात दवाखान्याच्या चादरी ठेवायची. भिंतींना अजून साबणाचा वास येत होता. पुस्तकं निम्मी परदेशातून दान आलेली. त्यातली काही तर असल्या रोगांवरची होती, जे आमच्या उत्तर मलावीच्या डोंगरांत कुणी पाहिलेसुद्धा नव्हते. विद्यार्थी दुपारी यायचे ते डोकं टेकून झोपायला, कारण खोली गार होती. आमच्याकडे बाईला बापाच्या कुळावरून हाक मारतात. मुंथालीची लेक म्हणून सगळं कॉलेज तिला न्यामुंथाली म्हणायचं, आणि किल्ल्या सांभाळणारी बाई एवढंच तिला समजायचं.

तिनेही पहिली काही वर्षं किल्ल्याच सांभाळल्या. मग एकदा पाऊस ओसरल्यावर तिच्याकडे एक जुना विद्यार्थी आला. डोंगरातल्या एका केंद्रावर तो आरोग्य सेवक होता. पोरांची वजनं, लसी, पाणी उकळा असं गावोगाव सांगत सायकलवर फिरायचा. मलेरियाला आता कोणतं औषध द्यायचं, एवढंच त्याला विचारायचं होतं. त्याच्या केंद्राच्या भिंतीवर जो तक्ता होता, त्यातलं औषध सरकारने केव्हाच बंद केलं होतं. नवा आदेश जिल्ह्यापर्यंत आला आणि तिथेच बसला. न्यामुंथालीने त्याला नवं पुस्तक काढून दिलं, त्याने उतरवून घेतलं, आभार मानले आणि गेला. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता, आणि तेच तिला लागलं. या पोरांना आपण काही आठवडे शिकवतो, हातात कागद देतो आणि डोंगरावर ढकलून देतो. पुढे त्यांना नवं काही कळलं का, हे विचारायला कुणी जात नाही.

तिचा नवरा होरेस म्हांगो सुतार. शाळेची बाकं आणि शवपेट्या, यांवर त्यांचं घर चालायचं. तिने त्याला पुस्तकांसाठी पेट्या करायला सांगितल्या. त्याने पाइनच्या फळ्यांच्या, वाळवी लागू नये म्हणून तळाला पत्रा ठोकलेल्या, सायकलच्या कॅरिअरवर बसतील अशा पेट्या केल्या. प्रत्येक पेटीत मोजकी पुस्तकं आणि नव्या आदेशांच्या प्रती; अवघड भाग तिने स्वतः तुंबुका भाषेत सोपा करून लिहिलेला. लसींची गाडी डोंगरात जायची, तिच्या मागच्या बाकावर बसून ती केंद्रा-केंद्रावर पेट्या पोचवू लागली. नुसत्या ठेवून यायची नाही. झाडाखाली सगळ्यांना बसवून शिकवायची: पुस्तक शेवटाकडून उघडायचं, तिथल्या सूचीत शब्द शोधायचा, मग पान गाठायचं, आणि कुठलाही कागद हाती आला की तो कुणी लिहिला आणि कधी लिहिला, हे आधी बघायचं.

सगळ्यात लांबच्या केंद्रावर ट्रायनेस गोंद्वे नावाची सेविका होती. अंगाने उंच, जिभेने तिखट. पहिल्याच दिवशी सगळ्यांसमोर ती म्हणाली, "कॉलेजात असताना आम्ही पुस्तकाच्या खोलीत झोपायचो. आता ती खोलीच उठून आमच्या मागे लागली म्हणायची." लोक हसले, न्यामुंथालीही हसली. पण पुढे पेटी सर्वांत जास्त वापरली ती ट्रायनेसनेच. तिने पेटीला कुलूप आणलं आणि किल्ली गळ्यातल्या दोऱ्यात ओवली. अडलेल्या बाळंतिणीजवळ बसून तिने एकदा पुस्तक उघडलं होतं आणि वेळेत गाडी मागवली होती. ती बाई आणि ते मूल आजही त्या गावात आहेत.

वेझी लुहांगा ही कॉलेजच्या मोठ्या अभ्यासक्रमाची विद्यार्थिनी. सरोवराकाठच्या गावातली, विधवेची एकुलती एक. ती मात्र खोलीत झोपायला नाही, वाचायला यायची. सुट्टीत घरी जायला जमायचं नाही तेव्हा न्यामुंथाली तिला आपल्या घरी न्यायची. न्यामुंथालीला मूलबाळ नव्हतं. वेझीने हळूहळू घरातली एक खाट आपली केली, होरेसला चहा करून देऊ लागली आणि न्यामुंथालीला "धाकटी आई" म्हणू लागली. आमच्याकडे आईच्या धाकट्या बहिणीला तसं म्हणतात. वेझीची आई चितेंजेच्या, बायका कमरेला गुंडाळतात त्या कापडात बांधून सुकी उसिपा मासळी पाठवायची आणि निरोप द्यायची, की मी एकटीने जन्म दिला पण पोरीला आया दोन आहेत.

माहिती कशी शोधायची, खरी-खोटी कशी पारखायची, चार ठिकाणचं वाचून आपलं कसं मांडायचं, हे सगळं न्यामुंथालीने तिला शिकवलं. परदेशी शिष्यवृत्तीची जाहिरात तिनेच दाखवली. अर्ज करताना वेझी दोनदा रडून उठली, दोन्ही वेळा न्यामुंथालीने तिला पुन्हा बसवलं. वेझीने अर्जात पुस्तकपेट्यांबद्दल लिहिलं आणि निवड झाली. निघताना होरेसने तिला सामानाची पेटी करून दिली, आणि वेझीची आई बसथांब्यावर न्यामुंथालीच्या खांद्यावर डोकं ठेवून उभी राहिली.

काही वर्षांनी वेझी परत आली ती मोठ्या पांढऱ्या गाडीतून. आरोग्य खात्याचं मनुष्यबळ घडवण्याचा एक मोठा परदेशी प्रकल्प उत्तरेत येत होता आणि त्याची प्रमुख ती होती. म्झुझू शहरात ऑफिस, हाताखाली माणसं. पण पहिल्याच आठवड्यात ती घरी आली, चपला दाराशी काढल्या, मांडी घालून बसली आणि सिमा, म्हणजे मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा, नि राजमा हाताने खाल्ला. न्यामुंथालीला वाटलं, पोर आहे तशीच आहे.

जेवण झाल्यावर वेझीने सांगितलं, की प्रत्येक आरोग्य सेवकाला एक टॅब्लेट मिळणार. सगळी पुस्तकं त्यात. त्यावर शिकायचं, परीक्षा द्यायची, आणि पास झालं की सरकारमान्य प्रमाणपत्र, वरची श्रेणी. डोंगरात नेटवर्क नाही, त्याचं काय, हे न्यामुंथालीने लगेच विचारलं. वेझी म्हणाली, नेटवर्क लागतच नाही, पुस्तकं आतच असतात. एकच अडचण होती. बाहेरून येणाऱ्यांवर डोंगरातले सेवक विश्वास ठेवत नाहीत. शिवाय जुनी पुस्तकं केंद्रांवर राहिली तर लोक दोन्हीकडचं वाचून गोंधळतील, म्हणून पेट्या परत घ्यायच्या होत्या.

"ते तुझ्याशिवाय कुणाचं ऐकत नाहीत, धाकटी आई. तू सांगितलंस तर देतील," वेझी म्हणाली. "आणि मुख्य प्रशिक्षक म्हणून तुझंच नाव घातलंय मी. इतकी वर्षं किल्ल्या सांभाळल्यास. आता तुला मंचावर बसवते की नाही बघ."

होरेस कोपऱ्यात रंधा परजत होता. गाडी गेल्यावर तो म्हणाला, की नवं येतंय तर येऊ दे, पण जुनं कशाला काढायचं? दोन्ही राहिलं तर कुणाचं काय बिघडतं? न्यामुंथालीला राग आला. तुला तुझ्या पेट्यांचा लोभ सुटत नाही, असं ती त्याला बोलली. तो पुन्हा रंध्याकडे वळला. पुढे कधी त्याने तो विषय काढून तिला टोचलं नाही, आणि याचाच तिला जास्त त्रास झाला.

ती केंद्रा-केंद्रावर गेली. लोकांनी तिला जेवू घातलं, मक्याचा गोडसर थोब्वा प्यायला दिला आणि थट्टा केली, "आजवर आम्ही लोकांना गोळ्या वाटल्या, आता सरकार आम्हालाच टॅब्लेट देतंय." पेट्या मुकाट्याने गाडीत चढल्या. ट्रायनेसने तेवढी लगेच दिली नाही. तिने पुन्हा पुन्हा विचारलं, की ते यंत्र बिघडलं तर? काढून घेतलं तर? न्यामुंथाली म्हणाली, काढून घेणार नाहीत. वेझी माझी पोर आहे.

"मी तुझ्या पोरीला ओळखत नाही," ट्रायनेस म्हणाली. "तू सांग."

"माझा शब्द आहे."

ट्रायनेसने गळ्यातली किल्ली काढून तिच्या हातात ठेवली.

प्रशिक्षण सरोवराकाठच्या हॉटेलात झालं. न्यामुंथाली चर्चला जायचा पोशाख घालून गेली. दारातल्या मुलीने यादीत तिचं नाव शोधलं. ते मदतनिसांत निघालं. तिला शेवटच्या रांगेत बसवून पेनं वाटायला दिली. पडद्यावर धडे सुरू झाले आणि तिला तिचीच वाक्यं दिसू लागली. शेवटाकडून उघडा. कुणी लिहिलं, कधी लिहिलं. खाली नाव वेझीचं आणि एका परदेशी संस्थेचं. शेजारचा एक सेवक तिला कोपराने ढोसून कुजबुजला, "हे तर तुझंच की, न्यामुंथाली." ती म्हणाली, शिकवलेलं असं हातोहात पुढे जातं, त्यात काय. दुपारी वेझी धावत येऊन तिला बिलगली, नावाचा घोटाळा ऑफिसातल्या माणसांनी केला म्हणाली, आणि पाहुण्यांकडे निघून गेली. न्यामुंथालीने ते गिळलं. आपल्या पोरीचं कौतुक होतंय, असं स्वतःला समजावत ती घरी आली.

टॅब्लेटचं खरं काम मात्र निराळंच निघालं. सेवक कुठल्या गावाला गेला, किती वेळ थांबला, याची नोंद ते आधी ठेवायचं. वरचे लोक म्झुझूत बसून ते बघायचे. पुस्तकं आत होती खरी, पण प्रकल्प चालू असेपर्यंतच ती उघडणार होती. आणि परदेशात कुठेतरी सरकार बदललं, पैसा आटला, तसा प्रकल्प मुदतीआधीच गुंडाळला गेला. पडद्यावर कुलपाचं चित्र आलं. थोड्याच दिवसांत गाडी येऊन टॅब्लेट गोळा करून गेली. प्रमाणपत्रं छापली गेली होती, पण खात्याने ती मानली नाहीत.

न्यामुंथालीने म्झुझूच्या ऑफिसला फोन केला आणि पेट्या परत मागितल्या. पलीकडच्या माणसाने सांगितलं, की त्या जुन्या पुस्तकांची तर रद्दी केली. पेट्या कुणी कुणी कोंबड्या ठेवायला नेल्या.

तरीही तिने वेझीला दोष दिला नाही. पोर अडकली असेल, तिच्याही वर कुणी असेल, असं ती म्हणत राहिली. मग प्राचार्यांनी तिला बोलावलं. ते भले गृहस्थ, नजर टेबलावर ठेवून बोलत होते. प्रकल्प जाता जाता खात्याला एक अहवाल देऊन गेला होता आणि खात्याने तो स्वीकारला होता. आरोग्याचं मनुष्यबळ म्हणजे कोण, कुणाच्या पदाला पैसा द्यायचा, हे त्यात ठरवलं होतं. ग्रंथपाल त्यात बसत नव्हता. कॉलेजातलं ते पद रद्द, खोलीत संगणक येणार.

न्यामुंथालीने विचारलं, हे लिहिलं कुणी?

"तुला माहीत असेल असं वाटलं होतं मला," प्राचार्य म्हणाले. "तुझीच पोर. आम्ही निदान पद राहू द्या म्हणून कळवलं होतं. तिने उत्तर पाठवलं, की तिला कॉलेज आतून माहीत आहे, ग्रंथपालाचं काम तिथे नाममात्र आहे."

नाममात्र. न्यामुंथाली खोलीत परत आली आणि खुर्चीवर बसून राहिली. बाहेर विद्यार्थिनी कपडे वाळत घालत होत्या, हसत होत्या. दुसऱ्या कुणी हे लिहिलं असतं तर ती भांडली असती. पण जिने याच खोलीत बसून अक्षर अन् अक्षर तिच्याकडून उचललं, तिने सगळं जाणून हे लिहिलं होतं. केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच.

दुसऱ्या दिवशी ती म्झुझूला गेली. वेझीचं ऑफिस आवरत आलं होतं. तिला राजधानीत दुसरी, याहून मोठी नोकरी मिळाली होती. तिने उठून खुर्ची दिली, चहा मागवला. न्यामुंथाली बसली नाही.

"तू नाममात्र लिहिलंस," ती म्हणाली.

वेझीने खाली बघितलं नाही. ती सावकाश, समजावणीच्या सुरात बोलली. पैसा थोडा होता, नर्सा वाचवायच्या होत्या, कुणाला तरी कमी करणं भागच होतं. ती स्वतः बाजूला झाली असती तर दुसऱ्याने हेच लिहिलं असतं. "तू सुई टोचत नाहीस, धाकटी आई. तुझ्या कामाने किती माणसं वाचली, हे मी त्यांना कसं दाखवणार होते? दाखवता येत नाही ते त्यांच्या लेखी नसतंच."

"तुझ्या अर्जात दाखवता आलं होतं."

वेझीने समोरचे कागद खोक्यात भरले. मग म्हणाली, की राजधानीत गेल्यावर ती काहीतरी बघेल, एखादं सल्लागाराचं काम निघेल.

"मला काम नको," न्यामुंथाली म्हणाली. "तुझ्यासाठी मी लोकांना शब्द दिलाय. तो कसा परत घेऊ तेवढं सांग."

"असल्या कामात शब्दबिब्द नसतो गं," वेझी म्हणाली. यात कडवटपणा नव्हता. तिला खरंच तसं वाटत होतं. न्यामुंथाली पायऱ्या उतरून रस्त्यावर आली. चहा घेऊन येणारा शिपाई तिला जिन्यात भेटला आणि बाजूला सरकला.

त्या पावसाळ्यात डोंगरात कॉलरा आला. आटोक्यात आल्याची बातमी लागली तेव्हा न्यामुंथालीची नोकरी संपली होती आणि लसींची गाडी तिला आता नेत नव्हती. ती भाड्याच्या उघड्या पिकअपमध्ये, मक्याच्या पोत्यांवर बसून ट्रायनेसच्या केंद्रावर गेली. होरेस म्हणाला होता, जाऊ नको, तुझा काय दोष. ती म्हणाली, दोष असो नसो, तोंड दाखवायला हवं.

ट्रायनेस कॉलऱ्याच्या रोग्यांसाठी उभारलेल्या तंबूच्या ताडपत्र्या धुऊन वाळत घालत होती. तिने मान वर केली, पण पाहुण्याला बसायला चटई टाकली नाही. आमच्याकडे वैऱ्यालाही चटई टाकतात. न्यामुंथाली उभी राहिली. ट्रायनेस काम करत करत बोलत होती. रोगी एकदम आले. क्लोरीनचं पाणी किती कडक करायचं, ते पेटीतल्या पुस्तकात होतं, मग टॅब्लेटमध्ये होतं, मग कुठेच नव्हतं. फोन लागेना. आठवणीवरून कालवलं. तंबू साफ करणारी रखवालदाराची बायको आजारी पडली आणि दुसऱ्या दिवशी गेली.

"पाणी पातळ झालं म्हणून गेली की कसं, ते मला माहीत नाही," ट्रायनेस म्हणाली. "कदाचित नसेलही. आता ते कोण सांगणार? पण मी त्या रखवालदारासमोरून रोज जाते."

न्यामुंथालीने तिला सगळं सांगितलं. अहवाल, रद्दी, नोकरी, वेझी काय म्हणाली ते. आपणही फसलो, हेही सांगितलं. ट्रायनेसने ऐकून घेतलं, हात पुसले.

"तुझं वाईट झालं," ती म्हणाली. "पण मी पेटी वेझीला नव्हती दिली. तुला दिली होती."

न्यामुंथालीने पिशवीतून आणलेल्या प्रती काढल्या, कॉलऱ्याच्या, क्लोरीनच्या, आणि पायरीवर ठेवल्या. ट्रायनेसने त्या उचलल्या, पण तिच्यादेखत उघडल्या नाहीत. परतीच्या गाडीला वेळ होता. न्यामुंथाली रस्त्याच्या कडेला बसून राहिली. गावातल्या बायका हंडे घेऊन जात होत्या. पूर्वी नाव घेऊन थांबायच्या, त्या मान हलवून पुढे गेल्या.

ती पुढेही जात राहिली. दर काही आठवड्यांनी, स्वतःच्या खर्चाने, कापडी पिशवीत प्रती घेऊन. काही केंद्रांनी दार लावून घेतलं, काहींनी घेतलं ठेवून. शिकवणं झालं नाही. झाडाखाली कुणी बसेना. होरेसने पुन्हा पेट्या करू का विचारलं, तेव्हा ती नको म्हणाली. पेटी म्हटली की ती परत मागणारा कुणीतरी निघतो, कागद हातोहात दिलेला बरा, म्हणाली.

पुढच्या वर्षी वेझीची आई वारली. निरोप आला तेव्हा न्यामुंथालीने मक्याच्या पिठाची पाटी भरली, काळं चितेंजे गुंडाळलं आणि बसने सरोवराकाठी गेली. बायका आत मृतदेहाभोवती बसून स्तोत्रं म्हणत होत्या. तिने त्या म्हातारीच्या पायांशी बसून रात्र काढली. ज्या बाईने आपल्या पोरीची दुसरी आई म्हणून तिला मानलं, तिच्याशी तिचं काही वाकडं नव्हतं.

वेझी पहाटे राजधानीहून पोचली. रडून तिचा चेहरा सुजला होता. माणसांतून वाट काढत ती न्यामुंथालीजवळ आली आणि तिच्या मांडीवर कोसळली. "मला आता तूच राहिलीस, धाकटी आई," ती म्हणत होती. बायका बघत होत्या. न्यामुंथालीने तिच्या पाठीवर हात ठेवला, तिचा श्वास जागेवर येईपर्यंत ठेवला, आणि मग काढून घेतला.

"मी तुझ्या आईसाठी आलेय," ती हळूच म्हणाली, फक्त तिलाच ऐकू जाईल असं. मग ती उठली आणि मागच्या अंगणात सिमा घाटणाऱ्या बायकांत जाऊन उभी राहिली. एकीने तिच्या हातात मोठं लाकडी उलथणं दिलं.

घरी आल्यावर होरेसने विचारलं, भेटली का?

"भेटली. खूप रडली बिचारी," ती म्हणाली. "मला मात्र रडू आलं नाही, होरेस. याचीच मला भीती वाटतेय." आणि ती पिठाची रिकामी पाटी धुवायला मागच्या दारी गेली.